सॅम्युएल कोल्ट

सॅम्युएल कोल्ट (१९ जुलै, इ.स. १८१४ - १० जानेवारी, इ.स. १८६२) हे अमेरिकन संशोधक आणि कारखानदार होते. एकदा भरल्यावर लागोपाठ पाच-सहा बार काढता येतील असे फिरत्या चक्रीचे पिस्तूल, म्हणजेच रिव्हॉल्व्हर, व्यवहारात उपयोगी पडेल अशा स्वरूपात आणण्याचे आणि यंत्रांच्या साहाय्याने मोठ्या संख्येने तयार करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. फिरत्या चक्रीची मूळ कल्पना मात्र त्यांची नव्हती. ही कल्पना त्यांच्या जन्माआधी दोनशेहून अधिक वर्षे युरोपात आणि आशियात ठाऊक होती. कोल्ट यांचे कार्य चक्रीच्या फिरण्याला बंदुकीच्या घोड्याशी जोडण्यात आणि पुढे त्या रचनेला कारखान्याची जोड देण्यात आहे.

जन्म आणि बालपण

कोल्ट यांचा जन्म अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथे झाला. वडील ख्रिस्तोफर कोल्ट हे व्यापारी होते. आई सारा कॉल्डवेल यांचे क्षयरोगाने निधन झाले तेव्हा सॅम्युएल जेमतेम सहा वर्षांचे होते. अकराव्या वर्षी त्यांना ग्लास्टनबरी येथील एका शेतकऱ्याकडे कामाला ठेवण्यात आले. तेथे त्यांच्या हाती विज्ञानविषयक माहितीचा एक कोश पडला आणि बंदुकीची दारू, वीज व शोधकांची चरित्रे यांनी त्यांना झपाटले.

पुढे ते मॅसॅच्युसेट्समधील वेअर येथे वडिलांच्या कापडगिरणीत काम करू लागले. ४ जुलै १८२९ रोजी त्यांनी तेथील तळ्यातील तराफा विजेच्या साहाय्याने स्फोट करून उडवण्याचा प्रयोग जाहीरपणे केला. स्फोट झाला, पण पाणी आणि चिखल जमलेल्या लोकांच्या अंगावर उडाला. १८३० मध्ये ॲमहर्स्ट येथील शाळेत शोभेच्या दारूमुळे आग लागली आणि त्यांचे औपचारिक शिक्षण तेथेच संपले.

कलकत्त्याकडचा प्रवास

शाळा सुटल्यावर वडिलांनी त्यांना खलाशी म्हणून पाठवले. १८३० च्या ऑगस्टमध्ये ते बोस्टनहून कलकत्त्याला जाणाऱ्या कोर्व्हो या जहाजावर चढले. या प्रवासात त्यांनी लाकडातून फिरत्या चक्रीचा नमुना कोरला. सुकाणूचे चाक कसेही फिरवले तरी त्याचा प्रत्येक आरा ठरावीक जागी येऊन खिळीने अडकवता येतो, हे पाहून त्यांना कल्पना सुचली, असे परंपरेने सांगितले जाते. काही लेखक सुकाणूऐवजी नांगर ओढण्याच्या रहाटाचा उल्लेख करतात. प्रवासात त्यांनी जुनी फिरती पिस्तुले पाहिली असावीत, असाही काही अभ्यासकांचा तर्क आहे. सुकाणूची कथा खरी असो वा नसो, तिच्यात रिव्हॉल्व्हरच्या रचनेतील मुख्य प्रश्न नेमका आलेला आहे. चक्री फिरवणे सोपे असते. ती योग्य जागी थांबवणे आणि घट्ट धरून ठेवणे कठीण असते.

कोल्टपूर्व फिरत्या बंदुका

ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बारानंतर नळीतून दारू आणि गोळी पुन्हा ठासावी लागे. सराईत सैनिकालाही मिनिटाला तीन-चार बारच काढता येत. हा वेळ वाचवण्यासाठी अनेक नळ्यांच्या किंवा अनेक कोठड्यांची चक्री असलेल्या बंदुका सोळाव्या शतकापासून तयार होत होत्या. भारतातही हाताने चक्री फिरवण्याच्या तोड्याच्या बंदुका बनवल्या गेल्या होत्या. परंतु तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुकीत कान्यातील दारू उघडी असे. प्रत्येक कोठडीसाठी ती वेगळी ठेवणे अवघड होते आणि ठिणगी उडून शेजारच्या कोठड्याही पेटण्याचा धोका असे.

अमेरिकेचे एलिशा कॉलिअर यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये चकमकीच्या फिरत्या बंदुकीचे पेटंट घेतले. तिची रचना कुशल होती, पण व्यवहारात चक्री हातानेच फिरवावी लागे आणि किंमतही फार होती. दरम्यान, आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा वापर स्कॉटलंडचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये बंदुकीसाठी सुरू केला होता. त्यातून तांब्याची छोटी टोपी प्रचारात आली. टोपीमुळे प्रत्येक कोठडीला स्वतःचे बंदिस्त पेटवण मिळाले. कोल्ट यांच्या रचनेला अनुकूल काळ आला तो या टोपीमुळे.

रचना आणि पेटंट

१८३१ मध्ये परतल्यावर वडिलांच्या पैशातून कोल्ट यांनी हार्टफर्डच्या कारागिरांकडून नमुने करवून घेतले. त्यांपैकी एक पहिल्याच बाराला फुटला. वडिलांनी हात आखडता घेतल्यावर कोल्ट यांनी डॉक्टर कूल्ट हे नाव धारण केले आणि गावोगाव फिरून हसवणाऱ्या वायूचे, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचे, जाहीर प्रयोग केले. तिकिटांच्या उत्पन्नातून त्यांनी बाल्टिमोरचे बंदूक कारागीर जॉन पिअर्सन यांच्याकडून सुधारित नमुने घडवून घेतले. १८३५ मध्ये त्यांना इंग्लंडचे आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेचे पेटंट मिळाले.

त्यांच्या रचनेचे कार्य पुढीलप्रमाणे चालते. अंगठ्याने घोडा मागे ओढला की घोड्याला जोडलेली एक लहान पट्टी वर सरकते आणि चक्रीच्या मागील दात्याला ढकलते. त्यामुळे चक्री बरोबर एका कोठडीइतकी फिरते. घोडा पूर्ण मागे येताच खालून एक अडसर वर येऊन चक्रीवरील खाचेत बसतो आणि भरलेली कोठडी नळीच्या नेमक्या रेषेत पक्की होते. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो आणि बार निघतो. अशा रीतीने घोडा चढवणे, चक्री फिरवणे आणि ती अडकवणे ही तीन कामे अंगठ्याच्या एकाच हालचालीत होतात. कोठडी नळीच्या रेषेत किंचितही कमी-जास्त राहिली तर गोळी नळीच्या काठावर आदळून शस्त्र फुटू शकते, म्हणून अडसराचे महत्त्व मोठे आहे. याखेरीज टोप्यांच्या बैठकींमध्ये आडभिंती ठेवून एका टोपीची ज्वाळा दुसरीपर्यंत पोहोचू नये, अशी तजवीज कोल्ट यांनी केली होती.

पॅटर्सन येथील अपयश

१८३६ मध्ये न्यू जर्सीतील पॅटर्सन येथे भागभांडवलावर कारखाना निघाला. तेथील पिस्तुलाची चक्री पाच बारांची होती. चाप आत दुमडलेला असे आणि घोडा चढवल्यावरच बाहेर येई. सुरुवातीच्या नमुन्यांत पुन्हा दारूगोळा भरण्यासाठी पिस्तूल अर्धेअधिक सुटे करावे लागे. ही अडचण १८३९ मध्ये नळीखाली ठासणीची तरफ बसवून दूर करण्यात आली. तत्पूर्वी १८३७ मध्ये अमेरिकी लष्कराच्या परीक्षक मंडळाने कोल्ट यांचे शस्त्र गुंतागुंतीचे ठरवून नाकारले होते. फ्लॉरिडातील सेमिनोल युद्धात काही शस्त्रे खपली, पण तेवढ्यावर कारखाना तगला नाही. १८४२ मध्ये तो बंद पडला.

पुढील काही वर्षे कोल्ट यांनी बंदरांच्या रक्षणासाठी विजेने उडणारे पाणसुरुंग आणि तारायंत्रासाठी पाण्याखालची तार यांवर काम केले. याच काळात त्यांचे बंधू जॉन यांना एका मुद्रकाच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली. शिक्षेच्या दिवशीच, नोव्हेंबर १८४२ मध्ये, ते तुरुंगात मृतावस्थेत आढळले.

वॉकर नमुना

पॅटर्सनची काही पिस्तुले टेक्सास रेंजर्स या घोडेस्वार दलाकडे गेली होती. १८४४ मध्ये कोमांची या मूळ रहिवासी जमातीशी झालेल्या चकमकीत या दलाने ती परिणामकारकपणे वापरली. कोमांची स्वार धनुष्यातून लागोपाठ बाण सोडत, तर प्रतिपक्षाला प्रत्येक बारानंतर थांबावे लागे. हा फरक रिव्हॉल्व्हरने संपवला. कोल्ट यांच्या यशाचा आरंभ अशा रीतीने एका जमातीच्या पराभवाशी जोडलेला आहे.

या चकमकीत लढलेले सॅम्युएल वॉकर मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात कॅप्टन झाले. त्यांनी कोल्ट यांच्याशी संपर्क साधला आणि जानेवारी १८४७ मध्ये १,००० रिव्हॉल्व्हरांची मागणी नोंदवली गेली. वॉकर यांच्या सूचनेवरून चक्री सहा बारांची झाली, गोळी मोठी झाली, चाप कायम बाहेर राहू लागला आणि ठासणीची तरफ पक्की बसवण्यात आली. हे रिव्हॉल्व्हर सुमारे दोन किलो वजनाचे होते. कोल्ट यांच्याकडे त्या वेळी कारखाना नव्हता. म्हणून ही शस्त्रे कनेटिकटमधील एलाय व्हिटनी धाकटे यांच्या कारखान्यात तयार झाली. वॉकर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोतील वामान्तला येथे मारले गेले.

हार्टफर्डचा कारखाना

मिळालेल्या नफ्यातून कोल्ट यांनी हार्टफर्ड येथे स्वतःचा कारखाना काढला. १८४९ मध्ये एलिशा रूट हे कुशल यंत्रज्ञ त्याचे व्यवस्थापक झाले. रूट यांनी ठोकून आकार देणारी, छिद्र पाडणारी आणि खाचा कापणारी खास यंत्रे रचली. प्रत्येक यंत्र एकच काम करी आणि मोजमापासाठी ठरावीक मापके वापरली जात. मराठवाड्यात कंधार, औसा, उदगीर या किल्ल्यांवर दिसणाऱ्या जुन्या तोफा एकेक करून ओतलेल्या आहेत. एका तोफेचे माप दुसरीला लागू पडतेच असे नाही. हार्टफर्डच्या पद्धतीचा उद्देश याच्या नेमका उलट होता. एका शस्त्राचा भाग दुसऱ्याला बसावा, असा तेथे प्रयत्न होता. तो पूर्ण साधला नव्हता. शेवटच्या जुळणीत कानस चालवावी लागे. तरीही हाताच्या कामाचे प्रमाण पुष्कळ घटले. हार्टफर्डमध्ये तयार झालेले अनेक यंत्रज्ञ पुढे इतर उद्योगांत गेले.

१८५५ मध्ये कनेटिकट नदीकाठी बांध घालून मोठा कारखाना उभा राहिला. बांधाची माती धरून ठेवण्यासाठी विलोची झाडे लावण्यात आली आणि त्यांच्या फोकांपासून वेताच्या सामानासारखे फर्निचर बनवण्याचा वेगळा उद्योग निघाला. कामगारांसाठी घरे आणि सभागृह बांधण्यात आले व कामाचा दिवस दहा तासांचा ठरवण्यात आला. १८५६ मध्ये कोल्ट यांचा विवाह एलिझाबेथ जार्व्हिस यांच्याशी झाला.

व्यापारनीती

कोल्ट जाहिरातीत निपुण होते. रशियाचा झार आणि तुर्कस्तानचा सुलतान हे परस्परांचे शत्रू असतानाही दोघांनाही त्यांनी नक्षीदार रिव्हॉल्व्हर भेट दिली. अमेरिकेत त्यांच्या पेटंटची मुदत १८५७ पर्यंत वाढवण्यात आली. ती आणखी वाढावी म्हणून त्यांनी लोकप्रतिनिधींना भेटी दिल्याच्या आरोपांची १८५४ मध्ये संसदीय चौकशी झाली. मुदत वाढली नाही. प्रतिस्पर्ध्यांवर पेटंटभंगाचे खटले भरून मात्र त्यांनी बाजारावरील पकड टिकवली.

लंडन आणि भारत

१८५१ च्या लंडन येथील जागतिक प्रदर्शनात कोल्ट यांची शस्त्रे गाजली. त्याच वर्षी तेथील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेत त्यांनी व्याख्यान दिले आणि आपल्यापूर्वीच्या फिरत्या बंदुकांचे वर्णन केले. लंडनच्या पिम्लिको भागात त्यांनी काढलेला कारखाना १८५३ मध्ये सुरू झाला. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सरकारने हजारो कोल्ट रिव्हॉल्व्हर विकत घेतली, पण युद्ध संपताच हा कारखाना बंद करावा लागला.

इंग्लंडमध्ये त्यांचे प्रतिस्पर्धी रॉबर्ट ॲडम्स होते. कोल्ट यांच्या शस्त्रात नळी पाचर ठोकून बसवलेली असे, तर ॲडम्स यांनी नळी आणि सांगाडा अखंड ठेवला. ॲडम्स यांच्या पिस्तुलात केवळ चाप ओढून घोडा चढे, चक्री फिरे आणि बारही निघे. फ्रेडरिक बोमाँट यांच्या सुधारणेनंतर ते अंगठ्यानेही चढवता येऊ लागले आणि १८५६ मध्ये ब्रिटिश लष्कराने ते स्वीकारले. १८५७ च्या उठावात कंपनीच्या अधिकाऱ्यांजवळ दोन्ही प्रकारची रिव्हॉल्व्हर होती. लांबवर अचूक नेम धरण्यात कोल्ट सरस होते, तर हातघाईत ॲडम्स अधिक जलद ठरे. उठावानंतर, १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश भारतात परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास भारतीयांना मनाई झाली. युरोपीयांना यातून सूट होती. त्यामुळे रिव्हॉल्व्हर दीर्घकाळ सत्तेचे चिन्ह बनून राहिले.

रचनेच्या मर्यादा

कोल्ट यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू आणि गोळी चक्रीच्या पुढच्या बाजूने भरावी लागे. सहा बार झपाट्याने निघत, पण पुन्हा भरण्यास बराच वेळ लागे. रोलिन व्हाइट यांनी १८५५ मध्ये आरपार छिद्रांच्या चक्रीचे पेटंट घेतले. तीत धातूचे काडतूस मागून घालता येई. हे पेटंट स्मिथ आणि वेसन यांच्याकडे गेले आणि त्याची मुदत संपेपर्यंत कोल्ट यांच्या कंपनीला ही सुधारणा वापरता आली नाही. ज्या पेटंट कायद्याने कोल्ट यांनी इतरांना रोखले होते, त्यानेच त्यांच्या कंपनीलाही रोखले.

मृत्यू आणि वारसा

अमेरिकेतील यादवी युद्ध सुरू होईपर्यंत कोल्ट यांनी दक्षिणेकडील राज्यांनाही शस्त्रे विकली. याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली. युद्ध पेटल्यावर कारखाना उत्तरेच्या सैन्यासाठी राबू लागला. १० जानेवारी १८६२ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्यांचे हार्टफर्ड येथे निधन झाले. त्यांच्या हयातीत ४,००,००० हून अधिक शस्त्रे तयार झाली होती. १८६४ मध्ये कारखान्याला मोठी आग लागली. एलिझाबेथ यांनी तो पुन्हा उभारला आणि १९०१ पर्यंत कंपनीची मालकी सांभाळली. सर्वांत प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्व्हर हे १८७३ चे, म्हणजे कोल्ट यांच्या मृत्यूनंतरचे आहे.

कोल्ट यांच्या कार्याचे मूल्यमापन दोन अंगांनी केले जाते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात, जुन्या कल्पनेला विश्वासार्ह रचना आणि उत्पादनाची शिस्त देणारे म्हणून त्यांना स्थान आहे. पॅटर्सन ते हार्टफर्ड या वाटचालीवरून चांगली रचनाही चांगल्या उत्पादनाशिवाय टिकत नाही, हे दिसते. दुसरीकडे, त्याच उत्पादनक्षमतेमुळे शस्त्र स्वस्त आणि मुबलक झाले. मूळ रहिवासी जमातींवर आणि वसाहतींतील जनतेवर त्याचा जो परिणाम झाला, तोही या इतिहासाचाच भाग आहे.