पवनारची पावले

डिसेंबर-जानेवारीत पहाटे वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने निघालात, तर धाम नदीचा पूल येण्याआधी अंधारातून धपधप असा आवाज कानी येतो. भरतीची तयारी करणारी पोरे धावत असतात. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी फौजेसाठी. अंगात पातळ बनियन, वऱ्हाडी थंडी, आणि निम्म्यांचे पाय उघडे. बूट झिजू नयेत म्हणून काही जण ते हातात घेऊन धावतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नोकरीनिमित्त माझा मुक्काम त्या भागात होता. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते, म्हणून मी कानाला मफलर गुंडाळून निघायचा, आणि ही पोरे मला मागे टाकून जायची. समोर पुलापलीकडच्या टेकाडावर परमधाम आश्रमाचा दिवा दिसायचा. त्या पोरांना कल्पना नसेल, पण ज्या रस्त्यावर ती घाम गाळत होती त्याच रस्त्यावर एका अशक्त, पोटाच्या विकाराने पोखरलेल्या माणसाने लांब पल्ल्याची अशी तयारी केली होती, की तिला तोड नाही. तो धावला नाही, चालला. विनोबा भावे यांच्याविषयी आपण संत म्हणून, गीताप्रवचनांचे कर्ते म्हणून पुष्कळ वाचतो. आज मला त्यांच्या पायांविषयी लिहायचे आहे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या (म्हणजे आताच्या रायगड) गागोदे गावचा. वडील नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा मुलगाही डोंगरातून शहरात आला. दहाव्या वर्षी त्याने मनाशी ब्रह्मचर्याचा निश्चय केला आणि ब्रह्मचाऱ्याने काय काय टाळावे याची शास्त्रातली यादी शोधून काढली. गादी, छत्री, पादत्राणे हे सारे त्यात निषिद्ध. यादी मिळताच अंमल सुरू. बडोद्याच्या भर उन्हात हा मुलगा तासन्‌तास अनवाणी भटकू लागला. सोबत मित्र असत, चर्चा चाले, आणि पायाखाली रस्ता तापलेला असे. त्याचा परिणाम डोळ्यांवर झाला, असे पुढे ते स्वतःच सांगत. जुन्या काळी गुरुकुलात राहणाऱ्या बटूला जोड्यांची गरज नसेल, शहरातल्या डांबरी-दगडी उन्हात ती असते, एवढा साधा हिशेब त्या वयात सुचला नाही. पदयात्रेच्या काळातल्या छायाचित्रांत त्यांच्या पायांत कापडी बूट दिसतात. अनवाणीपणाचे व्रत सुटले, चालण्याचे मात्र कायम राहिले.

अनवाणी पायांना आपल्याकडे काही कमी प्रतिष्ठा नव्हती. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्याआधी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यांतली मुले पाहूनच दोराबजी टाटांच्या मनात हिंदुस्थानचा संघ पाठवायचे आले होते. चौगुल्यांची शर्यत अडीच-तीन तासांत संपली. विनोबांची, तेलंगणातली पायपीट वगळूनही, साडेबारा वर्षे चालली. असो.

१९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा विद्यार्थी वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. प्रमाणपत्रे त्याआधीच आईच्या चुलीत घातली होती. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींची भेट झाली. पुढल्या वर्षी एक वर्षाची रजा घेऊन ते वाईला गेले. नारायणशास्त्री मराठे यांच्या प्रज्ञापाठशाळेत संस्कृत शिकायचे आणि बिघडलेली प्रकृती सुधारायची, असे दोन हेतू होते. या वर्षाचा जमाखर्च त्यांनी गांधीजींना पत्राने कळवला होता. तो वाचताना एखाद्या तालमीतल्या वस्तादाची वही हाती आल्यासारखे वाटते. आधी रोज दहा-बारा मैल चालणे. मग सहा ते आठ शेर धान्य दळणे. मग तीनशे सूर्यनमस्कार. शिवाय चार-पाच जिल्ह्यांतून सुमारे चारशे मैलांची पायी भटकंती, किल्ले पाहणे आणि वाटेत गीतेवर प्रवचने. वर्ष पुरे होताच ते ठरल्या दिवशी आश्रमात हजर झाले. पत्र वाचून गांधीजींना त्यात भीम दिसला म्हणतात. प्रत्यक्षात हा भीम काठीसारखा होता, आणि पुढे आयुष्यभर तसाच राहिला.

१९२१ च्या एप्रिलमध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ते वर्ध्याचा आश्रम चालवायला आले. पुढची सतरा वर्षे सूतकताई, अध्यापन, तुरुंग यांत गेली. धुळ्याच्या तुरुंगातली १९३२ ची गीताप्रवचने साने गुरुजींनी उतरवून घेतली, हे मराठी घराघरांत ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते हे, की दिवसाचे आठ-आठ तास कताई आणि त्या मजुरीत भागेल एवढेच खाणे, असे प्रयोग स्वतःवर करता करता शरीराची पार चिपाडे झाली. १९३८ साली वजन ८८ पौंडांवर, म्हणजे चाळीस किलोंवर आले. गांधीजींना काळजी पडली. एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जा, असा त्यांचा आग्रह. विनोबांनी थंड हवेचे ठिकाण निवडले ते पवनार! विदर्भातला उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांना यातला विनोद समजेल. जमनालालजींचा एक बंगला तिथे नदीकाठी रिकामा होता, एवढेच.

७ मार्च १९३८ रोजी मोटार धामच्या पुलावर आली, तेव्हा सगळ्या कामांचे विचार सोडून दिल्याचा संकल्प त्यांनी तीनदा उच्चारला आणि मग पलीकडे पाऊल ठेवले. त्यानंतर जे झाले ते कोणत्याही धावपटूने वाचण्याजोगे आहे. आवारात कुदळीने खणायचे, हा व्यायाम ठरला. पहिल्या दिवशी अवघी काही मिनिटे. मग हळूहळू वाढ. खणता खणता थांबायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा खणायचे. जिद्दीने पहिल्याच दिवशी तासभर कुदळ चालवून आडवे पडण्याचा मोह या हट्टी माणसाने आवरला, याचे मला नेहमी नवल वाटते. बडोद्याच्या उन्हातला मुलगा आता शहाणा झाला होता. पावसाळा गेला, हिवाळा आला, आणि साधारण दहा महिन्यांत काटा १२८ पौंडांवर गेला. चाळीस पौंडांची कमाई. याच खणण्यात जमिनीतून भरत-रामाच्या भेटीचे कोरीव शिल्प निघाले. ते आजही आश्रमात आहे.

१९४० च्या ऑक्टोबरात गांधीजींनी पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून याच पवनारच्या माणसाची निवड केली. पुन्हा तुरुंग आला. सुटल्यावर १९४६ पासून विनोबांनी एक काम हाती घेतले. पवनारपासून सुमारे तीन मैलांवरच्या सुरगावला रोज सकाळी फावडे खांद्यावर घेऊन जायचे, गावातला मैला साफ करायचा, आणि परत यायचे. पाऊस असो, चिखल असो, पौषातली थंडी असो, खाडा नाही. लोक त्यांना पाहून म्हणे शेताच्या कामाला निघत. वीस वर्षे हे करावे असा विचार होता. वीस महिने झाले आणि गांधीजींची हत्या झाली. पुढल्या मोठ्या चालीचा सराव कुठे झाला असे मला कुणी विचारले, तर मी सुरगावची पायवाट दाखवीन.

१९५१ चा मार्च. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होते. जायचे नाही असेच त्यांचे चालले होते. सहकाऱ्यांनी फार गळ घातली, तेव्हा पैशाशिवाय आणि वाहनाशिवाय येतो म्हणाले. ८ मार्चला पवनार सोडले. सुमारे तीनशे मैलांची वाट. वय पंचावन्न, पोटात अल्सर, आहार दही-दूध आणि थोडा मध. संमेलनानंतर ते तेलंगणात शिरले. तिथे जमिनीवरून रक्त सांडत होते. एकीकडे कम्युनिस्टांची सशस्त्र बंडाळी आणि दुसरीकडे पोलीस, अशा कात्रीत गावे सापडली होती. १८ एप्रिलला पोचमपल्लीच्या हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली, आणि त्याच सभेत रामचंद्र रेड्डी यांनी उठून शंभर एकर देऊ केली. त्या रात्री विनोबांना नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून चालण्याला मागणी जोडली गेली. एक्कावन्न दिवसांत बारा हजार एकर मिळाली आणि जूनअखेर ते पवनारला परतले.

पंडित नेहरूंनी चर्चेसाठी दिल्लीला बोलावले, तेव्हाही विमान नाकारून १२ सप्टेंबरला ते पायीच निघाले. १३ नोव्हेंबरला राजघाट. सुमारे आठशे मैल, बासष्ट दिवस. बँकेत आयुष्य गेल्याने मला भागाकार केल्यावाचून राहवत नाही. दिवसाला जवळजवळ तेरा मैल पडतात, आणि मुक्कामी पोचल्यावर सभा, भेटी, पत्रे आणि अध्ययन होतेच. पहाटे तीनला उठणे, चारच्या सुमारास कंदिलाच्या उजेडात निघणे, हा क्रम. उत्तरेच्या कडाक्याच्या हिवाळ्यात या वेळेला माणूस दुलईबाहेर नाक काढत नाही. पण मागे पडणारे तरुण असत, असे सोबतच्यांनी लिहून ठेवले आहे.

आता ही शर्यत का म्हणायची, ते सांगतो. विनोबांनी आकडा आणि मुदत जाहीर केली होती. पाच कोटी एकर, १९५७ पर्यंत. शरीराने पहिला इशारा दिला तो बिहारमध्ये. डिसेंबर १९५२, चांडील. मलेरियाचा ताप चढला, आणि औषध नको हा हट्ट. दिवसेंदिवस प्रकृती खालावत गेली, तेव्हा राजेंद्रप्रसाद आणि नेहरूंपासून सगळ्यांनी विनवण्या केल्या आणि अखेर त्यांनी औषध घेतले. दुसरा घाव माणसांचा. सप्टेंबर १९५३ मध्ये देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात हरिजनांना घेऊन गेले असता पंड्यांनी मारहाण केली. त्यांच्या एका कानाला लागलेला मार कायमचा राहिला. ते पुढे चालत राहिले. एकट्या बिहारने बावीस लाख एकरांवर जमीन देऊ केली. मग बंगाल, ओरिसा, आंध्र, तामिळनाडू, केरळ. १९५७ आले आणि गेले. पाच कोटी झाले नाहीत. सारे मिळून चाळीस लाखांच्या वर झाले.

त्यातही सगळी जमीन कसदार नव्हती. खडकाळ, नदीपात्रातली, कोर्टात अडकलेली अशी पुष्कळ निघाली. कुणी दिली म्हणून सांगितले आणि ताबा दिला नाही. मोठा हिस्सा वाटलाच गेला नाही. हा हिशेब मांडताना मला एक माणूस आठवतो. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या शाखेत एका जानेवारीत पीककर्जासाठी एक शेतकरी आला. उघडे पाय, टाचांना भेगा, आठ-नऊ मैल चालून आलेला. सातबाऱ्यावर भूदानाची नोंद. ती जमीन विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, म्हणून वरून उत्तर आले की प्रकरण बसत नाही. मी चार वेळा लिहिले. तोही चार वेळा आला, आणि पाचव्यांदा आला नाही. पण त्याची जमीन त्याच्याकडेच राहिली, सावकाराला ती घेता आली नाही, हेही त्याच नोंदीमुळे! विनोबांचे चालणे वाया गेले असे जाणकार म्हणतात, तेव्हा मला त्या टाचा दिसतात, आणि काय बोलावे ते सुचत नाही.

१९५८ च्या मे महिन्यात पंढरपूरला त्यांनी इतर धर्मांच्या सोबत्यांसह विठ्ठलाचे दर्शन घेतले. १९५९ मध्ये काश्मीर. पीरपंजाळचा साडेतेरा हजार फुटांचा घाट समोर, आणि पाऊस थांबेना. घाट ओलांडता आला नाही तर दुसऱ्या वाटेने जायचे नाही, सरळ मागे फिरायचे, असे त्यांनी ठरवून टाकले. पाऊस थांबला. चौसष्टीला टेकलेला माणूस बर्फातून पलीकडे उतरला. १९६० च्या मेमध्ये चंबळच्या खोऱ्यातल्या दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. मग आसाम, आणि १९६२ मध्ये पूर्व पाकिस्तानात सोळा दिवस. १० एप्रिल १९६४ ला ते पवनारला परतले. दिल्लीला जायला निघाल्यापासून साडेबारा वर्षे झाली होती. मुक्काम आणि आजारपणे वजा केली, तरी पृथ्वीभोवती एक फेरी सहज होते.

त्यांच्या गैरहजेरीत, १९५९ च्या मार्चमध्ये, परमधामला ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले होते. स्त्रियांनी स्वतः चालवायचा आश्रम. १९६५ नंतर बिहारची तुफान यात्रा त्यांनी मोटारीने केली. पाय थकले होते. ऑक्टोबर १९७० पासून क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे पवनार सोडायचे नाही. याच काळात आणीबाणी आली, त्यांचे मौन चालू होते, आणि अनुशासन पर्व हे त्यांनी लिहिलेले शब्द सरकारने पोस्टरांवर चढवले. खुलासे पुष्कळ झाले. जयप्रकाशांसारखा जुना सोबती तुरुंगात असताना ते शब्द अनेकांना लागले, आणि ते लागणे मला चूक वाटत नाही.

क्षेत्रसंन्यासात चालणे आवारापुरते उरले. अंगणातला पालापाचोळा, काडीकचरा ते वेचत. एकेक काडी उचलताना मनात नामजप चाले. पाहुण्यांना वाटे म्हातारा काहीतरी शोधतो आहे. १९८२ च्या नोव्हेंबरात हृदयविकाराचा झटका आला. थोडे बरे वाटू लागल्यावर, ८ तारखेपासून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही बंद केले. चांडीलला जसे मन वळवले होते तसे या वेळी कुणाला वळवता आले नाही. १५ नोव्हेंबरच्या सकाळी, दिवाळीच्या दिवशी, ते गेले. आश्रमातल्या भगिनींनीच धामच्या काठी अग्नी दिला. पुलावर त्या दिवशी पायी आलेल्या माणसांची गर्दी होती, आणि नदीला हिवाळ्याचे निवळशंख पाणी होते.