कर्मवीर भाऊराव पाटील : सेवेतून उभे राहिलेले नेतृत्व

अधिकाराच्या बळावर माणसे आज्ञा पाळतात. सेवेच्या बळावर ती घडतात. या सत्याची साक्ष कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जीवनातून मिळते.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. त्यांचे पूर्वज मूळचे कर्नाटकातील मूडबिद्रीचे. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास वसतिगृहात राहिले. तेथे अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी ठाम नकार दिला. परिणामी वसतिगृह सोडावे लागले; परंतु राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला. मॅट्रिकचा टप्पाही न गाठलेल्या या तरुणाने पुढे शिकवण्या घेतल्या, कारखान्यांच्या मालाची विक्री करीत गावोगावची पायपीट केली. या भ्रमंतीत खेड्यांतील अज्ञान व दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 मध्ये संस्था साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका छपराखाली राहत व एकाच पंगतीस बसत. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

या कार्याची खरी कसोटी घरातच लागली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या. परंतु पतीचा ध्यास पाहून त्यांनी सर्व जातींच्या मुलांचे मातृत्व पत्करले. मुलांच्या अन्नासाठी त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले आणि अखेर एके प्रसंगी सौभाग्यलेणे असलेले मंगळसूत्रही दिले. 1930 मध्ये त्यांचे निधन झाले. भाऊरावांनी हे दुःख उरात ठेवून कार्य पुढे नेले.

फुकट मिळालेल्या शिक्षणापेक्षा घामाने मिळवलेले शिक्षण माणसाला ताठ मानेने उभे करते, अशी त्यांची धारणा होती. 'कमवा आणि शिका' ही योजना त्यातूनच आली. विद्यार्थी माळरान खणीत, शेती पिकवीत, इमारतींसाठी दगड वाहत. भाऊराव स्वतः साधी वस्त्रे लेऊन, अनवाणी, त्यांच्यात वावरत. ज्याने स्वतः सुख नाकारले, त्याच्या शब्दास मुले नकार कसा देतील?

1935 मध्ये शिक्षकांसाठी प्रशिक्षण विद्यालय, 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. 1948 मध्ये सरकारी अनुदान बंद झाले, तेव्हा रयतेनेच धान्य व पैसा देऊन संस्था जगवली. ज्यांच्यासाठी भाऊराव झिजले, तेच त्यांचे आधारस्तंभ झाले.

1959 मध्ये त्यांना 'पद्मभूषण' हा सन्मान व पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी.लिट्. पदवी लाभली. त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

परंतु त्यांचे काम थांबले नाही. बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले, रयतेच्याच कार्यात परतले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. असे कित्येक विद्यार्थी शिक्षक होऊन खेडोपाडी गेले. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह. पारंब्या जमिनीत रुजून स्वतःच खोड व्हाव्यात, तसे भाऊरावांचे विद्यार्थी झाले. खऱ्या नेतृत्वाचे मोजमाप नेत्याच्या उंचीने होत नाही. त्याच्या सावलीत किती जण स्वतःच्या पायांवर उभे राहिले, यानेच ते होते.