ताराबाई मोडक

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईस झाला. पदवीधर झाल्यावर त्या राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. परंतु १९२३ साली ते मानाचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या व बालशिक्षणास त्यांनी आयुष्य वाहिले.

१९४५ साली त्यांनी बोर्डी गावी बालवाडी काढली. गरीब वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा ताराबाई व अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी! महागड्या साधनांची जागा शंखशिंपल्यांनी व पानाफुलांनी घेतली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली.

मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने त्याच्याकडे जावे, अशी ताराबाईंची श्रद्धा होती. १९७३ साली त्या निवर्तल्या. अंगणवाडी हे नाव मात्र आज देशभर घरोघरी ठाऊक आहे.