वाल्देमार हाफकिन

मांडव्याच्या बंदरावर उभे राहिले आणि आकाश निरभ्र असले, म्हणजे समुद्रापलीकडे मुंबईच्या इमारती दिसतात. आज या बंदरातून माणसांबरोबर मोटारीही घेऊन जाणारी मोठी बोट सुटते. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हा प्रवास शिडाच्या होड्यांतून, वाऱ्याच्या लहरीवर होत असे. 1896 सालचा पावसाळा सरत आला असताना पलीकडच्या त्या शहरात एक भयंकर संकट उद्भवले. मुंबईच्या मांडवी नावाच्या पेठेत धान्याच्या वखारी होत्या. (मांडवा आणि मांडवी ही नावे सारखी वाटली, तरी एक खेडे आणि दुसरी पेठ आहे, हे ध्यानात ठेवावे.) तेथे उंदीर पटापट मरून पडू लागले, आणि पाठोपाठ माणसांना कडक ताप येऊन काखेत व जांघेत गाठी उठू लागल्या. हा प्लेग आहे, हे मूळचे गोव्याचे असलेले डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. लोकांची एकच धांदल उडाली. लक्षावधी माणसे घरेदारे सोडून मिळेल त्या वाटेने शहराबाहेर पडली. लवकरच पुणेही या रोगाच्या तडाख्यात सापडले. 1897 च्या मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने मृत्यू पावल्या.

या संकटावर उपाय शोधण्यासाठी सरकारने ज्या शास्त्रज्ञास पाचारण केले, ते वाल्देमार हाफकिन होत.

हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. ते शहर त्या वेळी रशियाच्या साम्राज्यात होते, आणि तेथे यहुदी लोकांवर वारंवार हल्ले होत. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तुकडीत सामील झाले व पकडले गेले. त्यांचे गुरू इलिया मेचनिकॉफ यांच्या खटपटीमुळे त्यांची सुटका झाली. पुढे धर्म बदलल्यास प्राध्यापकाची जागा मिळेल, असे त्यांना सुचविण्यात आले. त्यांनी जागा नाकारली, धर्म सोडला नाही.

या मेचनिकॉफांची ओळख येथे करून घेतली पाहिजे, कारण शिष्याच्या कार्याचे मूळ गुरूच्या एका प्रयोगात आहे. 1882 साली सिसिली बेटावर मेसिना गावी मेचनिकॉफ समुद्रातील तारामाशाच्या पिल्लांचे निरीक्षण करीत होते. ही पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांच्या अंगात मेचनिकॉफांनी बारीक काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात, तो शरीरातील फिरत्या पेशींनी त्या काट्यांना चोहोकडून वेढा घातलेला! आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशीही अशाच पहारेकरी आहेत, त्या रोगजंतूंना गिळून टाकतात, आणि जखमेभोवती लाली, सूज व उष्णता येते ती या लढाईमुळेच, असा सिद्धांत त्यांनी मांडला. यासाठी 1908 साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

हे पहारेकरी कधी कधी घरच्याच माणसांवर उलटतात, असेही मेचनिकॉफांना वाटे. म्हातारपणी ते मेंदूतील मज्जापेशींना खातात, अशी त्यांची कल्पना होती. तिचा तपशील जसाच्या तसा टिकला नाही. पण स्मृतिभ्रंश, कंपवात यांसारख्या विकारांत मेंदूतील रक्षक पेशी बिथरतात, दाह विझू देत नाहीत आणि त्यामुळे मज्जापेशींची हानी वाढते, असे आज आढळून आले आहे. अशा पेशींना नवी शिकवण देऊन पुन्हा शांत कसे करावे, याचे संशोधन अनेक प्रयोगशाळांत चालू आहे. पहारेकऱ्याला शस्त्र उचलण्यास शिकविणे ही एक विद्या, आणि ते म्यान करण्यास शिकविणे ही दुसरी. हाफकिन यांचे आयुष्य पहिल्या विद्येत गेले.

1889 साली ते पॅरिसला पाश्चर संस्थेत आले. मेचनिकॉफ तेथे होतेच. संस्थेत ग्रंथपालाचीच जागा रिकामी होती. ती हाफकिन यांनी पत्करली आणि उरलेल्या वेळात प्रयोग केले. पटकीच्या जंतूंपासून त्यांनी लस तयार केली व 18 जुलै 1892 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले आणि कलकत्त्याच्या वस्त्यांतून व इतर प्रांतांतून हिंडून त्यांनी हजारो लोकांना ती लस टोचली.

ऑक्टोबर 1896 मध्ये ते मुंबईस पोहोचले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक लहानशी खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या साहित्यावर प्लेगशी सामना करावयाचा होता! त्यांनी बकऱ्याच्या मांसापासून केलेल्या रसात प्लेगचे जंतू वाढविले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्या खाली जंतूंची वाढ तंतूंसारखी लोंबू लागे. भांडे हलविले की ते तंतू तुटून तळाशी बसत आणि वर नवे धरत. जंतू भरपूर झाले की उष्णता देऊन ते मारावयाचे. मेलेले जंतू रोग करू शकत नाहीत, परंतु शरीराच्या पहारेकऱ्यांना शत्रूची ओळख मात्र पटवून देतात. हे काम इतके धोक्याचे व दगदगीचे होते, की मदतनीसही टिकेनात. तरीही तीन महिन्यांत लस तयार झाली.

10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे इतरांना दिली त्याहून मोठ्या प्रमाणात. त्यांना कडक ताप चढला. तो उतरल्यावरच त्यांनी इतरांना लस टोचण्याचे मनावर घेतले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. आपण होऊन पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचण्यात आली, आणि न टोचलेल्यांपेक्षा त्यांच्यात रोग पुष्कळ कमी आढळला. शहरात मात्र लोक सुईला भीत. सरकारच्या घरझडत्यांनी ते आधीच संतापलेले होते. आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली, तेव्हा त्यांचे हजारो खोजा अनुयायी पुढे आले. 1899 साली परळ येथील जुना गव्हर्नरांचा वाडा हाफकिन यांच्या प्रयोगशाळेस मिळाला.

आणि मग घात झाला. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी 107 जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. हे 19 जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. जंतुनाशक म्हणून कार्बोलिक आम्ल घालण्याऐवजी हाफकिन केवळ उष्णतेवर विसंबले, हा त्यांचा अपराध ठरला. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. ज्यांनी प्रत्येक लस आधी स्वतःच्या अंगावर अजमावली, त्यांनाच लोकांच्या मृत्यूस कारण ठरविले गेले. मेलेल्यांचे दुःख खरेच मोठे होते. पण त्याचा भार चुकीच्या खांद्यावर पडला होता.

हाफकिन युरोपात परतले. त्यांनी कागदपत्रे पुन्हा तपासण्याचा आग्रह सोडला नाही. त्या दिवशी गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही गोष्ट साक्षीत नोंदलेली होती. परंतु तिला कोणी पुरेसे महत्त्व दिले नव्हते! हिवतापाच्या शोधाबद्दल विख्यात असलेले रोनाल्ड रॉस आणि दुसरे काही शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. 1907 च्या जुलै महिन्यात त्यांनी लंडनच्या टाइम्स पत्रात जाहीर निवेदन प्रसिद्ध केले. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त झाले. पाच वर्षे गेली होती. ते कलकत्त्यास पुन्हा कामावर रुजू झाले खरे, परंतु मुंबईची प्रयोगशाळा काही त्यांना परत मिळाली नाही. सेवानिवृत्त झाल्यावर ते युरोपात राहिले. त्यांनी विवाह केला नव्हता.

1925 साली परळच्या संस्थेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तोवर तेथून प्लेगच्या लशीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या होत्या. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हाफकिन यांचे निधन झाले. 1964 साली भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. परळचा तो जुना वाडा आजही उभा आहे.