अल्बर्ट अटरबर्ग : माती मोजणारा रसायनशास्त्रज्ञ

एप्रिल-मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही काळ्या रानात जाऊन बघा. बैलाचा पाय अडकेल एवढाल्या भेगा! मृगाचे दोन दमदार पाऊस झाले की त्याच भेगा बुजतात, माती फुगते. पाया उथळ असेल तर घराच्या भिंतीला तडे जातात ते यामुळेच. कोणती माती किती पाण्याला कशी वागते, हे मोजायची रीत घालून दिली अटरबर्ग यांनी.

त्यांचा जन्म १९ मार्च १८४६ रोजी स्वीडनमध्ये झाला. उप्साला विद्यापीठातून १८७२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, तिथेच शिकवलं. १८७७ पासून काल्मार गावच्या रसायन व बियाणे तपासणी केंद्राचे ते प्रमुख झाले. ओटच्या जाती तपासण्यात बरीच वर्षं गेली. मातीकडे ते वळले वयाच्या चौपन्नाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे लोक पेन्शनचा हिशेब मांडतात तेव्हा!

आधी त्यांनी कणांच्या आकारावरून मातीचे प्रकार पाडले. ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण म्हणजे चिकणमाती, ही रेघ त्यांचीच. पण नुसत्या आकारावरून मातीचा स्वभाव कळेना. मग त्यांनी पाणी मोजलं. खूप पाणी असलं की चिखल वाहतो. थोडा वाळला की मळता येतो, वळी वळता येते. आणखी वाळला की वळी तुटते. शेवटी एक वेळ अशी येते की पाणी उडालं तरी माती आणखी आखडत नाही. या प्रत्येक वळणावर कोरड्या मातीच्या वजनाच्या किती टक्के पाणी आहे, ते त्यांनी ठरवलं. १९११ मध्ये मांडलेल्या याच अटरबर्ग मर्यादा. पहिल्या दोन मर्यादांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी माती साधारणपणे जास्त फुगणारी. आपली काळी माती यात पुढेच!

४ एप्रिल १९१६ रोजी ते वारले. त्यांची पद्धत बांधकामात आणली टेरझागी आणि कासाग्रांदे यांनी. कासाग्रांदेंनी १९३२ मध्ये पितळी वाटीचं उपकरण रूढ केलं. वाटीतल्या मातीला चर पाडायची, वाटी एक सेंटिमीटर उंचीवरून आपटत राहायची. २५ आपट्यांत चर मिटली की ती द्रव मर्यादा.

वर्गात एवढं करता येईल. काळी माती कालवून ठरावीक लांबीच्या साच्यात भरा, शेजारी वाळू मिसळलेली दुसरी पट्टी ठेवा. सावलीत वाळल्यावर कोणती किती मिलिमीटर आखडली, ते मुलांना पट्टीने मोजून वहीत लिहू द्या.