तंजावरचे सरफोजी महाराज

दरवर्षीं जून महिन्यांत नवीन विद्यार्थ्यांचीं नांवें पटावर चढवितांना एक रकाना आम्हांस नेहमीं अडवितो. तो मातृभाषेचा. देवपुरांतील आमच्या वर्गांत घरीं अहिराणी बोलणारीं मुलें पुष्कळ; त्यांच्याच बांकावर भिल्लांचीं, गुजराथी व मारवाडी व्यापाऱ्यांचीं आणि उर्दू बोलणारीं मुलें बसतात. यंदा एका मुलानें त्या रकान्यांत काय लिहावें हें न कळून पेन्सिल तोंडांत धरली. वडिलांचें घराणें गुजराथेंतून आलेलें, आई खानदेशची, आणि मुलगा भांडतांना व खेळतांना अहिराणी बोलणारा. आपलें गांव म्हणजे पणजोबा जेथून आले तें कीं आपण जेथें जन्मलों तें, असें त्यानें आम्हांस विचारलें. त्या गर्दींत उत्तर देण्यास सवड झाली नाहीं. पुढील चरित्र हें त्यास दिलेलें उशीराचें उत्तर समजावें.

पांझरा नदीच्या पलीकडे धुळें शहरांत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं १९२६ सालच्या अखेरीस देह ठेवला, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें स्थापन झालें, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. ह्याच राजवाड्यांनीं जयराम पिंड्ये कवीचें राधामाधवविलासचंपू हें काव्य १९२२ सालीं प्रसिद्ध करून शहाजी राजांच्या कर्नाटकांतील दरबाराची ओळख मराठी वाचकांस करून दिली. शहाजी राजांचे एक पुत्र शिवाजी महाराज. दुसरे, सावत्र मातेच्या पोटचे, व्यंकोजी राजे. व्यंकोजींनीं १६७६ च्या सुमारास कावेरीकांठचें तंजावर हस्तगत करून तेथें गादी स्थापिली. दुसऱ्याच वर्षीं शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीवर आले, तेव्हां दोघां बंधूंची भेट झाली, आणि वडिलांच्या दौलतीच्या अर्ध्या वांट्यावरून वादही झाला. मूळ घराचा संबंध पहिल्याच पिढींत असा वांटणीच्या रूपानें दाराशीं आला. घरापासून लांब गेलेल्या भावांच्या बाबतींत हें आपणही पाहतों.

ह्यापुढें शंभर वर्षें भोसल्यांचें हें घराणें तंजावरास नांदलें. दरबारचें दप्तर मराठींत व मोडी अक्षरांत चाले. पूर्वीच्या नायक राजांपासून चालत आलेली तेलुगु कविता राजसभेंत गाइली जाई. आणि वाड्याच्या भिंतीबाहेर पाऊल टाकतांच सर्व व्यवहार तमिळ. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनीं मराठींत व तेलुगुंत नाटकें रचलीं. त्यांचें लक्ष्मीनारायणकल्याण हें मराठी नाटक, विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस सीतास्वयंवराचा खेळ केला त्याच्या सव्वाशें वर्षांहून अधिक आधींचें आहे. आपलें तें सर्व महाराष्ट्रांतच प्रथम झालें असें समजण्याची आपणांस खोड आहे, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

आमचे चरित्रनायक दुसरे सरफोजी यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजीं ह्या कुळाच्या एका दूरच्या शाखेंत झाला. त्या वेळीं गादीवर तुळजाजी राजे होते. त्यांचें राज्य १७७३ मध्यें अर्काटच्या नबाबानें कंपनीच्या फौजेच्या बळावर घेतलें होतें आणि १७७६ मध्यें तें त्यांस परत मिळालें होतें. पण राजा मनानें खचला तो खचलाच. औरस पुत्र उरला नव्हता. तेव्हां १७८७ च्या आरंभीं, मृत्यूच्या थोडेच दिवस आधीं, त्यांनीं नऊ वर्षांच्या सरफोजीस दत्तक घेतलें आणि त्याचा हात एका पाद्र्याच्या हातीं दिला.

हा पाद्री ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्त्झ. १७२६ सालीं प्रशिया देशांत जन्मलेला हा मनुष्य १७५० मध्यें डेन्मार्कच्या ताब्यांतील तरंगंबाडी बंदरांत उतरला, तमिळ शिकला, पुढें फारसी व हिंदुस्थानीही शिकला, आणि मग अठ्ठेचाळीस वर्षांत एकदांही मायदेशीं गेला नाहीं. तुळजाजींची इच्छा अशी होती कीं, मुलाबरोबर राज्यकारभारही श्वार्त्झनें संभाळावा. धर्मोपदेशकास हें शोभणार नाहीं असें मानून त्यानें राजाचे सावत्र बंधु अमरसिंह यांचें नांव सुचविलें. हेतु शुद्ध होता. परंतु ही सल्ला चुकली, आणि तिचें फळ एका पोरक्या मुलास भोगावें लागलें, असें आमचें मत आहे. ज्या पंडितांस विचारण्यांत आलें त्यांनीं दत्तविधान अशास्त्र ठरविलें. कंपनीनें अमरसिंहांस गादीवर बसविलें. मुलगा वाड्यांत कोंडल्यासारखा राहिला. ना शिक्षण, ना मोकळी हवा. श्वार्त्झनें मद्रासेस पत्रांवर पत्रें पाठविलीं, आणि अखेर १७९३ मध्यें त्यास व तुळजाजींच्या विधवा राण्यांस मद्रासेस हलविण्यांत आलें. तेथें श्वार्त्झ व त्याचा सहकारी गेरिके यांच्या देखरेखीखालीं त्याचें इंग्रजी शिक्षण झालें.

विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबून ह्या मुलाची स्थिति मनांत आणावी. ज्या कुळाचें नांव तो लावीत होता, त्या कुळाचा तो शास्त्राप्रमाणें वारस नव्हे असें विद्वानांनीं ठरविलें होतें. ज्या देशांत तो जन्मला, तेथील लोक त्याच्या घराण्यास परदेशी मराठे म्हणून ओळखीत. जो त्यास बापाच्या ठिकाणीं होता, तो तिसऱ्याच खंडांतून आलेला व दुसऱ्याच धर्माचा. दहाबारा वर्षांच्या वयांत आपण कोण, हा प्रश्न इतक्या बाजूंनीं क्वचितच कोणास पडला असेल.

पुढें दुसऱ्या पंडितांचे अभिप्राय घेण्यांत आले, दत्तविधान सशास्त्र ठरलें, आणि १७९८ मध्यें सरफोजी गादीवर बसले. तो दिवस पाहण्यास श्वार्त्झ राहिला नव्हता; त्याच वर्षीं १३ फेब्रुवारीस तो तंजावरास निवर्तला होता. तरुण राजपुत्र त्याच्या शवापाशीं आला, रडला, शवावर त्यानें जरीचें वस्त्र घातलें आणि तो स्मशानापर्यंत चालत गेला.

गादी मिळाली, पण तिची किंमतही लगेच द्यावी लागली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहानें सर्व मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला व वाडा राहिला. शिवाय सालीना एक लाख होन आणि मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पांचवा हिस्सा. वयाच्या बाविसाव्या वर्षीं सरफोजी हे राज्य नसलेले राजे झाले. असे राजे त्या काळीं हिंदुस्थानांत पुष्कळ झाले, आणि त्यांपैकीं अनेकांनीं उरलेलें आयुष्य नाचरंगांत घालविलें. सरफोजींनीं काय केलें तें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

तंजावरास राजराज चोळानें सुमारें १०१० सालीं बांधलेलें बृहदीश्वराचें प्रचंड देवालय आहे. त्याच्या भिंती चोळांच्या तमिळ शिलालेखांनीं भरलेल्या आहेत. ह्याच देवालयाच्या आवारांतील भिंतीवर १८०३ सालीं सरफोजींनीं भोसले कुळाची हकीकत, आरंभापासून स्वतःपर्यंत, मराठी भाषेंत व देवनागरी अक्षरांत कोरविली. मराठींतील सर्वांत मोठा शिलालेख म्हणून तो प्रसिद्ध आहे. ज्याचें कुळ एकदां नाकारलें गेलें, त्यानें तें दगडांत लिहून ठेविलें, ह्यांत आम्हांस मुळींच आश्चर्य वाटत नाहीं. आश्चर्य वाटतें तें जागेचें. हा लेख त्यांनीं आपल्या वाड्यांत ठेविला नाहीं. परक्या राजवंशाच्या, परक्या भाषेच्या देवळांत, चोळांच्या लेखांच्या पंक्तीस बसविला. आम्ही अमुक ठिकाणाहून आलों आणि आतां येथलेच आहों, ह्या दोन गोष्टी त्यांनीं एकाच भिंतीवर सांगितल्या. त्या देवळांत येणाऱ्या तमिळ यात्रेकरूंस तीं अक्षरें वाचतां येत नव्हतीं हें खरें. पण आपल्या घराण्यांतील पुढील पिढ्यांनीं तीं वाचावींत, एवढी आशा त्यांनीं खचित केली असेल.

ग्रंथसंग्रह हा त्यांचा दुसरा उद्योग. नायक राजांपासून चालत आलेला वाड्यांतील संग्रह त्यांनीं इतका वाढविला कीं, आज तें सरस्वती महाल ग्रंथालय त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. संस्कृत, तमिळ, तेलुगु, मराठी हस्तलिखितें एका बाजूस. वैद्यक, वनस्पति, भूगोल ह्यांवरील युरोपीय पुस्तकें दुसऱ्या बाजूस. अनेक इंग्रजी पुस्तकांवर महाराजांनीं स्वहस्तें सही केलेली आहे. १८२० सालीं ते हजारों माणसांचा लवाजमा घेऊन काशीयात्रेस निघाले, आणि परततांना गंगाजळाबरोबर हस्तलिखितेंही आणिलीं. वाड्यांत त्यांनीं धन्वंतरी महाल नांवाचें वैद्यशाळेसारखें स्थान चालविलें होतें. नेत्ररोग्यांचीं टिपणें, डोळ्यांच्या चित्रांसह, तेथें ठेवण्यांत येत. मुक्तांबाळ छत्रासारख्या अन्नछत्रांत वाटसरूस जेवण मिळे आणि मुलांस विद्याही मिळे. तेथें मराठीप्रमाणेंच तमिळ, तेलुगु, संस्कृत व इंग्रजीही शिकविली जाई.

छापखान्याची गोष्ट तर मराठी शाळेंतील प्रत्येकानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. बंगालमध्यें श्रीरामपूर येथें विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापिलें. आणि त्याच सुमारास सरफोजींनीं तंजावरास देवनागरी खिळ्यांचा छापखाना घालून इसापच्या गोष्टींचें मराठी भाषांतर, बालबोध मुक्तावली ह्या नांवानें, मुलांसाठीं छापविलें. पुण्यास त्या वेळीं पेशवाई चालू होती व मराठी पुस्तक तेथें हातानेंच उतरून घ्यावें लागे. मराठी मुद्रणाचा पाळणा हालला तो असा महाराष्ट्राबाहेर, एक पाद्र्याच्या घरीं आणि दुसरा पाद्र्याच्या शिष्याच्या घरीं.

त्यांच्या स्वतःच्या रचनांपैकीं देवेंद्र कुरवंजी आम्हांस विशेष आवडते. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यांत डोंगरांत राहणारी कुरव जातीची भविष्यवादिनी येते, आपल्या मुलखाचें वर्णन करते आणि विरहिणी नायिकेचा हात पाहून तिला धीर देते. सरफोजींनीं हा साचा उचलला, भाषा मराठी घेतली, आणि त्या डोंगरी बाईच्या तोंडून इंद्राणीस पृथ्वीचे खंड, देश व समुद्र समजावून दिले. म्हणजे श्वार्त्झ व गेरिके यांच्यापाशीं शिकलेला भूगोल! तमिळ पात्र, मराठी बोल, युरोपीय विद्या. त्यांच्याच दरबारचा आश्रय मिळालेले, श्वार्त्झचे तमिळ ख्रिस्ती शिष्य वेदनायकम् शास्त्री यांनींही त्याच साच्यांत बेथलेहेम कुरवंजी रचली. एकाच गुरूच्या हाताखालचे दोघे, एकानें आपली भाषा त्या साच्यांत ओतली आणि दुसऱ्यानें आपला धर्म.

सरफोजींनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाहीं. ते अखेरपर्यंत आपल्या पूर्वजांच्या धर्मांत राहिले, देवालयांची डागडुजी करीत राहिले, काशीस जाऊन आले. श्वार्त्झचें चरित्र लिहिणाऱ्या कित्येकांस ह्याची हळहळ वाटली आहे. आम्ही स्वतः ख्रिस्ती असून आम्हांस ती तशी वाटत नाहीं. पोरक्या मुलावर केलेल्या मायेचें बिल त्याच्यापुढें ठेविलें नाहीं, हें श्वार्त्झचें मोठेपण. आणि धर्मानें वेगळ्या असलेल्या गुरूस बाप मानण्यास लाजले नाहींत, हें सरफोजींचें. इंग्लंडांतील शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याजकडून त्यांनीं संगमरवरी स्मारक करवून तें तंजावरच्या चर्चमध्यें बसविलें. त्यांत श्वार्त्झ मृत्युशय्येवर आहे आणि राजा त्याचा हात धरून उभा आहे. कबरीवरील इंग्रजी कविताही राजानें स्वतः रचलेली आहे.

हें लिहितांना एक घरची गोष्ट आठवते. आमचे आजोबा नगर जिल्ह्यांतून ह्या खानदेशांत आले. आगगाडींत नांव सांगितल्यावर, तुम्ही इतकें चांगलें मराठी कोठें शिकलांत, असा प्रश्न आम्हांस एकाहून अधिक वेळां आला आहे. विचारणाराचा हेतु वाईट नसतो. तरी आईच्या मांडीवर शिकलों, असें उत्तर देतांना जीभ थोडी जड होतेच. तंजावरचे मराठे हा प्रश्न तमिळ शेजाऱ्यांकडून आणि महाराष्ट्रांतून आलेल्या पाहुण्यांकडून, असा दोन्हीकडून ऐकत आले असतील.

महाराजांची नुसती स्तुतीच करावी असा आमचा हेतु नाहीं. त्यांच्या ग्रंथांचा, छापखान्याचा, यात्रेचा खर्च कावेरीच्या खोऱ्यांत भात पिकविणाऱ्या तमिळ शेतकऱ्याच्या सारावसुलांतून येत होता, आणि त्या शेतकऱ्यावर राज्य कोण करतो हें ठरविण्याचा अधिकार त्यांनीं लढाईवांचून सोडून दिला होता. त्यांचें मराठीपण हें वाड्यांतील, दप्तरांतील मराठीपण होतें. परंतु ज्याच्या हातीं वाडाच तेवढा उरला होता, त्यानें त्या वाड्यांत विद्या सांठविली, हेंही लिहून ठेविलें पाहिजे.

७ मार्च १८३२ रोजीं सरफोजी महाराज वारले. पुत्र शिवाजी १८५५ मध्यें पुरुषसंततीवांचून मरण पावले आणि कंपनीनें गादी खालसा केली. ग्रंथ मात्र राहिले, ए. सी. बर्नेल यांनीं संस्कृत हस्तलिखितांची यादी १८८० मध्यें प्रसिद्ध केली, आणि १९१८ पासून तें ग्रंथालय सर्वांस खुलें झालें. दरबारामागें गेलेलीं मराठी घराणींही तेथेंच राहिलीं. त्यांपैकीं एका घराण्यांत, कुंभकोणम् येथें, १८२८ सालीं जन्मलेले सर टी. माधवराव हे त्रावणकोर व इंदूर येथील दिवाणगिरी करून १८७५ मध्यें बडोद्यास गायकवाडांचे दिवाण झाले. सहा पिढ्यांनीं असा एक मराठी मनुष्य दक्षिणेंतून मराठी दरबारीं कामास आला. तंजावरकडील घराण्यांत अद्यापि मराठी बोलतात. तिचा हेल तमिळ आहे, पुष्कळ शब्द तमिळ आहेत, आणि आपण ज्या शब्दांस जुने म्हणून सोडून दिलें त्यांपैकीं कांहीं तिच्यांत रोजच्या वापरांत आहेत.