शस्त्रवैद्य अबुल कासिम जहरावी

पोट मोठे न चिरता लहानशा छिद्रातून बारीक हत्यारे आत घालून डॉक्टर शस्त्रक्रिया करतात, हे तुम्ही ऐकले असेल. लोक तिला दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणतात. तिची यंत्रे नवी आहेत. पण रोग्याला कमीत कमी कापावे, हा विचार जुना आहे. हजार वर्षांपूर्वी अंदलुसमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये, एका हकिमांनी त्यासाठी हत्यारे योजली होती. त्यांचे नाव अबुल कासिम जहरावी.

त्यांचा जन्म सुमारे ९३६ साली कुर्तुबाजवळच्या मदीनतुज्जहरा येथे झाला. या शहराच्या नावावरून त्यांना जहरावी म्हणतात.

त्या काळी शस्त्रक्रिया करणारे कित्येक जण अडाणी होते. कोणती शीर कोठे आहे हेही त्यांना ठाऊक नसे. एका वैद्याने एका स्त्रीच्या मानेवरची गाठ कापली. धमनी तुटली आणि ती तेथेच मरण पावली. दुसऱ्याने एका वृद्धाचा मूतखडा काढताना मूत्राशयाचा तुकडाच कापला. तो तिसऱ्या दिवशी वारला. या वृद्धासाठी आधी जहरावींनाच बोलावले होते. पण खडा मोठा आणि शरीर थकलेले पाहून त्यांनी हात लावला नव्हता. हा नकार मला त्यांच्या हत्यारांइतकाच मोठा वाटतो.

शिष्यांच्या हातून असे घडू नये, म्हणून त्यांनी सुमारे १००० साली ‘अत्तसरीफ’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे तीस भाग आहेत. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. नुसत्या वर्णनावरून कारागिराला हत्यार कसे घडवता येणार? म्हणून जहरावींनी सुमारे २०० हत्यारांची चित्रेच काढून दिली.

सुरमा लावायची सळई तुम्ही पाहिली असेल. तशा आकाराचे एक हत्यार त्यात आहे. त्याच्या टोकात लहान पाते लपवलेले असे. हवे तेव्हा ते बाहेर सरकवायचे, काम झाले की आत घ्यायचे. चाकू पाहून रोगी दचकला, तर जखम भलतीकडेच व्हायची. लपलेले पाते त्याला दिसत नसे.

मूत्रमार्गात अडकलेल्या खड्यासाठी त्यांनी लाकडी मुठीचा, टोकदार पोलादी गिरमिट सांगितला. खडा मागे सरकू नये म्हणून आधी दोरा बांधायचा. मग गिरमिट हळूच आत घालून थोडाथोडा फिरवायचा. खड्याला आरपार भोक पडले की तुंबलेली लघवी मोकळी होई. उरलेले तुकडे बाहेरून दाबून फोडायचे. चिरण्याची गरजच नाही!

जहरावी सुमारे १०१३ साली वारले. बाराव्या शतकात तोलेदो शहरात क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये आणला. मग युरोपातील वैद्य कित्येक शतके त्यावरून शिकले. १७७८ साली ऑक्सफर्डमध्ये तो अरबी आणि लॅटिनमध्ये छापला गेला आणि १९०८ साली आपल्या लखनौमध्येही त्याची अरबी प्रत छापून निघाली.